सॅक्सोफोनची खुर्ची

सिंफनी ऑर्केस्ट्रात सॅक्सोफोनला कायमची खुर्ची नसते. व्हायोलिनवाल्यांना असते, बासरीवाल्याला असते, पाऊण तासात दोनदा झांज आपटणाऱ्यालाही असते (तो मधल्या वेळात बाकीची तालवाद्यंही सांभाळतो, हे मान्य). सॅक्सोफोनला मात्र नाही. अडॉल्फ सॅक्स नावाच्या बेल्जियन कारागिराने १८४६ साली पॅरिसमध्ये या वाद्याचं पेटंट घेतलं, तोवर ऑर्केस्ट्राची बैठक ठरून गेलेली होती. मग हे वाद्य गेलं लष्करी बॅंडमध्ये, तिथून रस्त्यावर आणि रस्त्यावरून जाझमध्ये. रावेलच्या 'बोलेरो'सारख्या (१९२८) एखाद्या रचनेत त्याला बोलावतात, पण पाहुणा म्हणून. जेवायला बसवायचं, पान वाढायचं, आणि रात्री मुक्कामाचं मात्र कुणी विचारायचं नाही.

म्हणून जाझ सॅक्सोफोनवादक जेव्हा स्टुडिओत अख्खा ऑर्केस्ट्रा घेऊन आपला अल्बम करतो, तेव्हा मला ते फार रोचक वाटतं. पाहुणाच त्या दिवशी यजमान होतो. या वीकांताला असे तीन-चार अल्बम एकामागून एक ऐकले, आणि डोक्यात एक प्रश्न अडकून बसला. असा अल्बम करायला लागणारं सगळं सामान, म्हणजे नोटेशन वाचणारे वादक, स्वरलेखन करणारे अरेंजर, तालेवार सॅक्सोफोनवाले, स्टुडिओ, हे जगात फार थोड्या शहरांत एका वेळी हजर होतं. त्यातलं एक शहर मुंबई. मग मुंबईतून असा अल्बम का निघाला नाही? माझं मत आधीच सांगून टाकतो: कौशल्य कमी पडलं नाही, पैसाही कमी पडला नाही. वाद्य वाजवणाऱ्याला सलग चाळीस मिनिटं द्यायची असतात, ही कल्पनाच आपल्याकडे कुणी केली नाही. आणि हा जुना हिशोब नाही, तो आजही चालू आहे. माझ्या गावापर्यंत चालू आहे.

पण आधी अल्बम.

या प्रकाराचा आद्य नमुना म्हणजे चार्ली पार्कर. ३० नोव्हेंबर १९४९ ला न्यूयॉर्कमध्ये निर्माता नॉर्मन ग्रॅंझने त्याला व्हायोलिन, व्हायोला, चेलो, हार्प आणि ओबो यांच्यासमोर उभं केलं. पार्कर म्हणजे बीबॉपचा बाप माणूस, विजेच्या वेगाने वाजवणारा. त्याच्यामागे हे गोड गोड तंतुवाद्यांचं लोणी! जाझच्या कट्टर मंडळींनी नाकं मुरडली. पार्कर विकला गेला, बाजारू झाला, वगैरे. गंमत म्हणजे खुद्द पार्करला ते काम मनापासून आवडत होतं. स्ट्राविन्स्की, हिंडेमिथ यांच्या संगीताचा तो चाहता होता, आणि त्या सत्रातलं 'जस्ट फ्रेंड्स' हे त्याचं स्वतःचं आवडतं ध्वनिमुद्रण होतं. ऐकलंत तर कारण कळतं. मागची तंतुवाद्यं अगदी सरळ, इस्त्री केल्यासारखी चालतात. त्यांचा प्रत्येक स्वर कागदावर लिहिलेला आहे. त्यांच्यावरून पार्कर असा पळतो, वळतो, थांबतो, की मागचं सगळं तसंच असूनही दर वेळी निराळं वाटायला लागतं.

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे चटकन कळेल. ऑर्केस्ट्रा म्हणजे आधी लिहून ठेवलेला कोड. एकदा चालू झाला की कॉमा बदलता येत नाही. तीस माणसं कागद बघून वाजवतायत, त्यांना "अरे थांबा, मला जरा वेगळं सुचतंय" म्हणता येत नाही. सॅक्सोफोनवाला मात्र सगळं रनटाइमला ठरवणार. या दोघांना एकत्र बांधणं ही खरी अडचण आहे, आणि या प्रकारच्या अल्बमचं सगळं यशापयश ती कशी सोडवली यावर ठरतं. पार्करच्या रेकॉर्डमध्ये ऑर्केस्ट्रा गालिचा होतो आणि पार्कर त्यावरून चालतो. ही झाली पहिली तऱ्हा.

दुसरी तऱ्हा स्टॅन गेट्झच्या 'फोकस'मध्ये, १९६१ सालची. एडी सॉटर या अरेंजरने तंतुवाद्यांसाठी अशा रचना लिहिल्या, की त्या एकट्या वाजवल्या तरी पुऱ्या वाटाव्यात. आणि सॅक्सोफोनसाठी? काहीच लिहिलं नाही. धून नाही, इशारा नाही. गेट्झने ऐकायचं आणि आपली जागा शोधायची. पहिल्याच तुकड्यात रॉय हेन्स ड्रमवर आहे, आणि तिथे व्हायोलिनं गालिचासारखी पसरत नाहीत. ती पळतात, टोचतात, अडवतात. गेट्झ त्यांच्याशी वाद घालतो. भरल्या घरात शिरलेल्या माणसाने कुणाला धक्का न लावता आपली वाट काढावी, तसं काहीतरी. माझ्या मते या प्रकारातला हा सगळ्यात मोठा अल्बम आहे. (मत माझं आहे. दगड मारणाऱ्यांनी कृपया रांगेत यावे. :-))

तिसरी तऱ्हा अगदी अलीकडची. २०२१ चा 'प्रॉमिसेस'. फ्लोटिंग पॉइंट्स या नावाने इलेक्ट्रॉनिक संगीत करणारा सॅम शेफर्ड, लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि ऐंशीच्या घरातले फॅरोआ सॅंडर्स. नऊ भाग, सुमारे ४६ मिनिटं, आणि सगळ्याखाली सात सुरांची एक छोटीशी नक्षी पुन्हा पुन्हा येत राहते. सॅंडर्स एके काळी सॅक्सोफोनमधून किंकाळ्या काढण्यासाठी प्रसिद्ध होते. इथे ते कितीतरी वेळ गप्प असतात. वाजवतात तेव्हा एखाद्या म्हाताऱ्या माणसाने ओट्यावर बसून मोजकं बोलावं तसे वाजवतात. तंतुवाद्यं त्यांचं ऐकतात असं वाटतं. प्रत्यक्षात सॅंडर्स आधी वाजवून गेले होते आणि ऑर्केस्ट्राचं ध्वनिमुद्रण नंतर, करोनाच्या काळात, २०२० मध्ये झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये सॅंडर्स गेले.

तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. सॅक्सोफोनवाल्याला वेळ मिळालेला आहे. चुकायला, गप्प बसायला, एक कल्पना अर्धवट सोडून दहा मिनिटांनी परत उचलायला. रेकॉर्डवर त्याचं नाव आहे हे तर आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे घड्याळ त्याच्या हातात आहे.

आता मुंबई.

मुंबईचा सिनेमाचा ऑर्केस्ट्रा घडला कसा, ही मराठी माणसाने एकदा तरी नीट समजून घ्यावी अशी गोष्ट आहे. पोर्तुगीज गोव्यात चर्चच्या शाळांतून पोरांना पाश्चात्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवत. ही पोरं मोठी होऊन पोटापाण्यासाठी मुंबईला आली आणि हॉटेलांतल्या, क्लबांतल्या जाझ बॅंडमध्ये लागली. संध्याकाळी नाचणाऱ्यांसाठी वाजवायचं. मग देश स्वतंत्र झाला, साहेब गेले, १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि क्लबांचा धंदा बसला. त्याच सुमारास हिंदी सिनेमाच्या गाण्यांना मोठा वाद्यमेळ हवासा वाटू लागला होता. रात्रीचे जाझवाले दिवसा ताडदेव, महालक्ष्मी, वांद्र्याच्या स्टुडिओंत दिसू लागले.

या भेटीच्या मुळाशी आपल्याकडचा एक माणूस आहे, पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. 'शहनाई' (१९४७), 'अलबेला' (१९५१) यांच्या गाण्यांतलं ते खट्याळ पितळी संगीत आठवा. त्यांचे सहायक होते चिक चॉकलेट, म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, मुंबईतले नावाजलेले जाझ ट्रंपेटवादक. नगर जिल्ह्यातला मराठी संगीतकार आणि बार्देशातला जाझवाला एका पेटीशी बसून चाली बांधतायत, हे चित्र मला फार आवडतं. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसूझा लिहीत. फाळणीपूर्वी त्यांनी लाहोरच्या हॉटेलात बॅंड चालवला होता. पुढच्या काळात अनिल मोहिले यांच्यासारखे मराठी अरेंजरही या कामात आले.

आणि इथे एक गोष्ट घडली, जिचं पुरेसं कौतुक झालेलं नाही. युरोपच्या ऑर्केस्ट्राने सॅक्सोफोनला जी खुर्ची दिली नाही, ती मुंबईच्या ऑर्केस्ट्राने पहिल्या दिवसापासून दिली. कारण हा ऑर्केस्ट्रा कुठल्या राजाच्या दरबारात जन्मला नव्हता. हॉटेलचा जाझ बॅंड, चर्चमधली व्हायोलिनं, सतार, ढोलक, तबला, सगळे एका हॉलमध्ये येऊन बसले होते. आलेल्या प्रत्येकाला खुर्ची. न्यूयॉर्कमध्ये जाझ सॅक्सोफोन आणि व्हायोलिनं एका खोलीत आणायला नॉर्मन ग्रॅंझला खास प्रकल्प काढावा लागला. मुंबईत हे रोज सकाळच्या शिफ्टला होत होतं!

म्हणजे अवघड काम झालेलं होतं. उरलं होतं फक्त सॅक्सोफोनवाल्याला पुढे बोलावणं.

मनोहारी सिंग यांचं उदाहरण घेऊ. जन्म १९३१, कोलकात्यातलं नेपाळी घराणं, बाटानगरच्या बाटा कंपनीच्या बॅंडमध्ये तयार झालेला हात, मग कोलकात्याचे नाइटक्लब. १९५८ साली मुंबईत आले आणि पुढची कित्येक वर्षं हिंदी गाण्यातला सॅक्सोफोन म्हणजे बहुतेक वेळा मनोहारी सिंग असं समीकरण झालं. 'काश्मीर की कली' (१९६४) मधलं रफींचं दारूच्या नशेतलं गाणं आठवा. त्यात गायकाच्या बरोबरीने जो दुसरा आवाज रडतो, तो त्यांचा. 'गाइड' (१९६५), 'आराधना' (१९६९), किती सांगू. पुढे ते राहुल देव बर्मन यांचे सहायक आणि अरेंजर झाले. बासू चक्रवर्तींबरोबर जोडी करून त्यांनी 'सबसे बडा रुपय्या' (१९७६) सारख्या चित्रपटांना संगीतही दिलं. १३ जुलै २०१० रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

आता या माणसाच्या हातात एका वेळी किती सेकंद होते ते बघा. मुखडा संपला, अंतरा सुरू व्हायचाय, मधे जो म्युझिक पीस येतो तेवढे. पंधरा सेकंद, फार तर वीस-पंचवीस. त्यातही स्वर आधी लिहून दिलेले. आपलं म्हणून जे घालायचं ते फुंकेच्या वजनात, स्वर घासून वर नेण्यात. आणि हे सगळं गायकासकट अख्ख्या हॉलने एकदम वाजवायचं. शेवटच्या ओळीत कुणी चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. अशा अवस्थेत त्या माणसाने पंधरा सेकंदांत जे सांगितलं ते देशाला पाठ झालं. मला पडणारा प्रश्न साधा आहे. याला चाळीस मिनिटं दिली असती तर?

त्यांच्या नावाने रेकॉर्ड निघाल्या नाहीत असं नाही. निघाल्या. पण त्यांवर सॅक्सोफोनवर वाजवलेली चित्रपटगीतं असत. म्हणजे गायकाची जागा सॅक्सोफोनला दिली, चाल तीच ठेवली. हॉटेलच्या लिफ्टमध्ये, दंतवैद्याच्या दवाखान्यात लावायला उत्तम. वादक पुढे आला खरा, पण गाण्याच्या कपड्यांत आला.

सगळ्यात जवळ पोचलेली रेकॉर्ड म्हणजे १९६८ ची 'रागा जाझ स्टाइल'. शंकर-जयकिशन यांचं संगीत, एचएमव्हीची निर्मिती. तोडी, भैरव, मालकंस, कलावती असे अकरा राग, प्रत्येकावर एक छोटी रचना. सतारीवर उस्ताद रईस खान, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रंपेटवर जॉन परेरा, ड्रमवर लेस्ली गुदिन्हो, गिटारवर दिलीप नाईक आणि अनिबाल कास्ट्रो, बासवर एडी ट्रॅव्हास. भारतात झालेल्या इंडो-जाझच्या अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांपैकी हे एक. ऐका, मजा येते. मालकंसासारखा गंभीर गृहस्थ असा टोपी तिरकी घालून फिरायला निघालेला पुन्हा दिसायचा नाही.

पण नीट ऐकलं की हात आखडलेला कळतो. वाद्यमेळ छोटा आहे. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांत लाटेसारखी येणारी ती शंभर वादकांची फौज इथे नाही. प्रत्येक तुकडा गाण्याच्याच लांबीचा. सतार दोन वाक्यं बोलते, सॅक्सोफोन दोन बोलतो, ट्रंपेट दोन, की लगेच आवराआवर. घड्याळ अजून गाण्याचंच आहे. गाणं काढून टाकलं, गाण्याची चौकट तशीच राहिली. आणि मुखपृष्ठावर ठळक नावं संगीतकारांची. त्यांनी ही रेकॉर्ड काढायचं धाडस केलं म्हणून त्यांना सलामच. पण यजमान तेच होते. सॅक्सोफोन पाहुणाच राहिला.

मोठ्या ऑर्केस्ट्राच्या बाजूने प्रयत्न झाला तो त्याच्या दहा वर्षं आधी. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल आणि राहुल देव बर्मन शिकले, आणि ज्यांचं नाव 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मुळे घराघरांत पोचलं. त्यांनी १९५८ साली इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. सिनेमातलेच वादक गोळा करून, शंभराहून जास्त माणसांचा ताफा, सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात कार्यक्रम, राग आणि पाश्चात्य स्वरमेळ एकत्र. गायला कोण? लता मंगेशकर आणि मन्ना डे. काय दिवस असेल तो! पण तो प्रयोग पाय रोवून उभा राहिला नाही आणि १९६५ च्या सुमारास अँथनी गोन्साल्विस अमेरिकेला गेले. ऑर्केस्ट्रा झाला १९५८ मध्ये, सॅक्सोफोन-सतार-जाझ झालं १९६८ मध्ये. दोन्ही तुकडे एकाच शहरात पडलेले होते. वादकही बरेचसे तेच. जोडले गेले नाहीत.

इथे तुम्ही म्हणाल, अरे बाबा, सिनेमाने यांची घरं चालवली. खरं आहे. शिफ्टप्रमाणे पैसे मिळत, संघटना होती, क्लबपेक्षा बरं चाललं होतं. "बिचारे वादक" असा सूर मला लावायचाच नाहीये. दुसरा मुद्दा तुम्ही असा काढाल, की आपली परंपरा शब्दांची, गाण्याची; नुसतं वाद्य ऐकणार कोण? हा मुद्दा मला अजिबात पटत नाही. ज्या देशात रविशंकर यांची सतार आणि बिस्मिल्ला खाँ यांची सनई लोक तास-तास ऐकतात, तिथे नुसतं वाद्य चालत नाही म्हणणं म्हणजे थट्टा आहे. वाद्य चालतं. फक्त 'शास्त्रीय' असा शिक्का लागतो, घराणं लागतं, मांडीखाली गालिचा लागतो. सॅक्सोफोन उभ्याने वाजवतात, तो बॅंडमधून आलेला. त्याला आपण मनात कुठे बसवलंय ते आपल्याला ठाऊक आहे.

आणि तिसरा आक्षेप, "त्या सिनेमाच्या पंधरा सेकंदांमुळेच तर सॅक्सोफोन गावोगाव पोचला." हा सगळ्यात खरा आहे, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल सविस्तर लिहितो.

मी ढोकीचा. उस्मानाबाद, आता धाराशिव जिल्हा. तेरणा साखर कारखान्याचं गाव. जवळच तेर आहे, गोरोबाकाकांचं. तेच जुनं तगर, ज्याचा उल्लेख 'पेरिप्लस' या दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासग्रंथात आहे. तेव्हा परमुलखातली वस्तू आमच्या भागात येणं ही काही नवलाई नाही. :-) सॅक्सोफोन आमच्याकडे आला तो लग्नाच्या बॅंडमधून. नवरदेवाचा परण्या निघाला की पुढे बॅंड. बिगुल, क्लॅरिनेट, ढोल, आणि एका माणसाच्या गळ्यात ते वाकडं, पिवळं, चिलमीसारखं वाद्य. सिनेमातल्या गाण्याची चाल तो त्यावर काढायचा, आणि गंमत अशी की चालीबरोबर मधला म्युझिक पीससुद्धा काढायचा. म्हणजे मनोहारी सिंग यांनी ताडदेवला वाजवलेले ते पंधरा सेकंद, ज्याचं त्याचं नाव कुणाला माहीत नसताना, ऐन मे महिन्यात ढोकीच्या वेशीत वाजत असत. ताडदेव ते ढोकी असा हा निरोप पोचत होता, आणि पाठवणारा-घेणारा दोघेही बिनानावाचे.

बिनानावाचे असण्याचं आमच्याकडे आणखी एक कारण आहे, ते टाळून लिहिणं लबाडी होईल. मराठवाड्यात हलगी, सनई, सूर ही वाजवायची कामं परंपरेने मातंग समाजाकडे. बॅंड आले तेव्हा त्यांतही याच घरांतली पोरं मोठ्या संख्येने गेली. लग्नात वाजवणाऱ्याला वाजवायला बोलावतात. त्याला नावाने हाक मारायची पद्धत नसते. "ए बॅंडवाले, ते अमुक लाव की." लाव! जसं काही तो माणूस म्हणजे टेपरेकॉर्डर. पुढे खरोखरच डीजे आला, भिंतीएवढे स्पीकर आले, आणि सुपारी त्यांना जाऊ लागली. ज्याला आपण आधीच यंत्र समजत होतो, त्याच्या जागी यंत्र आलं तर कुणाला हळहळ वाटणार?

मुंबईतही याच वाटेने गेलं. १९९० च्या दशकापर्यंत सिंथेसायझर आणि मल्टिट्रॅक रुळले, एकेका माणसाला वेगवेगळं बोलावून गाणं जोडता येऊ लागलं, आणि तो शंभर खुर्च्यांचा हॉल रिकामा झाला. मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा आज आहे: एनसीपीएने २००६ साली सुरू केलेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. चांगला आहे. पण त्याची सुरुवात झाली तेव्हापासून त्यात कझाकस्तानसारख्या देशांतून आलेले वादक मोठ्या संख्येने आहेत. ज्या शहरात एका शिफ्टला शंभर वादक नोटेशन वाचून वाजवायचे, त्या शहरावर ही वेळ आली. ही माणसं नुसती पंधरा सेकंदांसाठी वापरली, त्यांच्या नावाचं स्वतंत्र असं काही उभं राहू दिलं नाही, तर गरज संपल्यावर मागे संस्था उरत नाही, शिष्य उरत नाहीत. गाणी तेवढी उरतात. गाणी सुंदर आहेत, पण गाण्यांमधून पुढचा वादक तयार होत नाही.

हे बदलता येतं का? येतं, आणि पुरावा शेजारच्या राज्यात आहे. मंगळूरकडचे कद्री गोपालनाथ (१९४९-२०१९) यांचे वडील नादस्वरम वाजवत, म्हणजे आपल्या सनईची मोठी बहीण. पोराने म्हैसूरच्या राजवाड्याच्या बॅंडमध्ये सॅक्सोफोन पाहिला आणि तोच धरला. गमक निघावेत म्हणून वाद्यात फेरफार केले आणि त्या बॅंडच्या वाद्यावर अख्खी कर्नाटक मैफल उभी केली. पुढे २००८ साली अमेरिकन जाझ सॅक्सोफोनवादक रुद्रेश महंतप्पाबरोबर 'किन्समेन' हा अल्बम केला. मंगलवाद्य वाजवणारं घर, बॅंडचं वाद्य, आणि तिथून थेट मैफलीत मधोमध जागा. आमच्याकडच्या सनईवाल्या घरांत आणि त्या घरात फरक प्रतिभेचा होता असं मी मानत नाही. त्यांच्याकडे मंदिरात नादस्वरमवाल्याला मानाची जागा होती. आमच्याकडे सनईवाला मांडवाच्या बाहेर बसत होता.

म्हणून मला हवा असलेला अल्बम असा आहे. पुढे एक सॅक्सोफोनवाला, जमलं तर बॅंडमध्ये तयार झालेला. मागे तंतुवाद्यं, पण पार्करच्या गालिचासारखी नकोत. 'फोकस'सारखी, स्वतःचं म्हणणं असलेली. बाजूला हलगी आणि संबळ. लांबी चाळीस मिनिटं. एकही चित्रपटगीत नाही. शब्द नाहीत. सॅक्सोफोनवाल्यासाठी कागदावर काही लिहायचं नाही, आणि त्याला पहिली पाच मिनिटं काहीच वाजवावंसं वाटलं नाही तर कुणी घड्याळ बघायचं नाही. 'प्रॉमिसेस'ने दाखवून दिलंय की सगळ्यांना एका हॉलमध्ये एकाच दिवशी आणायचीही गरज नाही. वादक एकदा वाजवून गेला की बाकीचे त्याचं ऐकून नंतर लिहू शकतात, वाजवू शकतात. म्हणजे खर्चाची जुनी सबब निम्मी तरी संपली. आणि हे 'शासनाने करावे' वगैरे मी म्हणत नाहीये. पुण्या-मुंबईत आपल्यासारखे किती लोक आहेत, जे एका हेडफोनवर दहा-पंधरा हजार घालवतात. त्या हेडफोनवर ऐकायला काय आहे, याच्यावरही थोडे घालवायला हरकत नसावी.

नावांबद्दल मात्र हट्ट आहे. आपण साधं सॉफ्टवेअर बाहेर काढतो तेव्हा कुठली ओळ कुणी लिहिली हे दहा वर्षांनीही सापडतं. कधी कधी नको असतानाही सापडतं. :-) आजही कुठल्याही ॲपवर १९६४ चं गाणं उघडलं की गायक, संगीतकार, गीतकार दिसतात. सॅक्सोफोन कुणी वाजवला ते तिथे शोधून बघा. ही माहिती चाहत्यांनी, अभ्यासकांनी, म्हाताऱ्या वादकांच्या घरी जाऊन जाऊन गोळा केलेली आहे. ती गाण्याला चिकटवणं हे एका रिकाम्या रकान्याचं काम आहे. तेवढंही होत नसेल तर अल्बमच्या गप्पा मी कशाला मारू?

असो. बरंच लांबलं. ज्यांना ऐकायचंय त्यांच्यासाठी क्रम सांगतो. आधी पार्करचं 'जस्ट फ्रेंड्स', म्हणजे कान तयार होतो. मग 'फोकस'चा पहिला तुकडा, मोठ्या आवाजात. मग 'रागा जाझ स्टाइल' पूर्ण, आणि त्यात दर वेळी सॅक्सोफोन थांबला की मनात "अजून थोडं वाजव की" म्हणून बघा. किती वेळा म्हणावंसं वाटतं ते मोजा. 'प्रॉमिसेस' शेवटी, रात्री, दिवा बंद करून. सोमवारी सकाळी स्टॅंड-अप आहे हे माहीत आहे, तरी रात्रीच ऐका.